बॉल तेव्हा खेळात होता का?

साऱ्या मुंबईत बॉलकडे न बघता फुटबॉल बघणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. आठवडाभर ते सरकारी खात्यात दुकानदारांची वजनं-मापं तपासत आणि रविवारी उपनगरांतल्या मैदानांवर रेफ्रीचं काम करत. दोन्ही कामं ते एकाच चेहऱ्यानं करायचे, म्हणजे समोरचा माणूस काहीतरी लपवतोय अशी पक्की खात्री असलेल्या चेहऱ्यानं. सत्तर सालाच्या आसपास कॉलेजसाठी मी जोगेश्वरीला त्यांच्याकडे राहत होतो, आणि दर रविवारी त्यांची पिशवी धरून मैदानावर जाणं हे माझ्या जेवणाखाण्याच्या बदल्यातलं काम आहे, असं त्यांनी न सांगता ठरवून टाकलं होतं.

बाकीचे रेफ्री बॉलमागं धावायचे. आतोबांना त्यांची कीव यायची. "अरे, बॉलकडे अख्खं मैदान बघतंय. तिथं लबाडी कोण करेल? लबाडी होते ती लांब, जिथं कुणाचं लक्ष नाही तिथं." त्यामुळं एका टोकाला गोल होणार म्हणून प्रेक्षक टाचा उंचावून उभे असायचे आणि दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजायची. सगळे माना वळवून बघतात तो आतोबा पोटरी धरून बसलेल्या कुणातरी खेळाडूशेजारी उभे, बोट जमिनीकडे. मग जमलेल्या घोळक्यासमोर त्यांचा तास सुरू होई. बॉल कुठं होता हे विचारायचंच नाही. फाऊल जिथं झाला, किक तिथून. आपल्याच पेनल्टी बॉक्समध्ये कुणी समोरच्याला लाथ घातली तर पेनल्टी, मग बॉल भले मैदानाच्या त्या टोकाला असो. फक्त एकच गोष्ट विचारायची: बॉल तेव्हा खेळात होता का? तो आधीच रेषेबाहेर गेला असेल तर लाथ मारणारा घरी जाईल, पण खेळ थ्रो-इननंच सुरू होईल. "शिक्षा माणसाला, खेळाला नाही," असं म्हणून ते घोळका पांगवायचे. घोळका पांगायचा तो पटलं म्हणून नव्हे, कंटाळून.

हा कायदा मैदानापुरता राहिला असता तर आत्याच्या संसारात बरीच शांतता नांदली असती. एकदा चाळीच्या नळावर शेजारच्या काकूंनी आत्याला ढकललं आणि तिची पितळी कळशी चेपली. आत्या तणतणत घरात आली. आतोबांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "त्या वेळी नळाला पाणी येत होतं का?"

"नुकतंच गेलं होतं. पण त्याचा काय संबंध?"

"मग त्यांनी माफी मागायची. उद्याचे नंबर मात्र आज होते तसेच राहतील. खेळ थांबलेला होता."

"अहो, माझी कळशी चेपली!"

"चेपली ना. पण खेळ थांबलेला होता."

पुढचे दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं. निकालाचा आणि मिठाचा संबंध आतोबांच्या ध्यानात आला नाही, मला मात्र फुकटची शिक्षा झाली. आत्याचं म्हणणं असं, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा हे गृहस्थ तिच्याकडे न बघता मांडवाच्या कोपऱ्यात तिचे दोन मामा काय करताहेत ते बघत होते. तिथं खरंच भांडण चाललं होतं, हेही ती कबूल करायची.

त्यांच्या मुलीचं, म्हणजे शोभाचं, लग्न घाटकोपरला ठरलं. मुलगा बँकेत, दिसायला उमदा, आणि तिथल्या फुटबॉल क्लबाचा फुलबॅक. त्याचे वडील त्याच क्लबाचे अध्यक्ष. साखरपुडा तेवढा राहिला होता. आणि नेमकी त्याच महिन्यात घाटकोपर आणि खारदांडा यांच्यात फायनल आली, आणि रेफ्री आमचे आतोबा.

"त्या दिवशी ताप आला म्हणून सांगा," आत्या म्हणाली.

"आलेला नसताना?" आतोबांनी विचारलं. होणारा जावई खेळतोय हे त्यांनी आधीच दोन्ही संघांना कळवलं होतं. खारदांड्याचा कप्तान, सकाळी जाळी सावरून दुपारी बूट घालणारा कोळी गडी, नुसता हसला होता. "हे रेफ्री सख्ख्या बापाला पण फाऊल देतील. आमाला चालेल."

मॅच संपायला थोडी मिनिटं उरली तरी एकही गोल नव्हता. घाटकोपरवाले पार त्या टोकाला चढाई करत होते. इकडे त्यांच्याच बॉक्समध्ये आमच्या फुलबॅकनं खारदांड्याच्या पोराच्या नडगीवर एक सणसणीत लाथ ठेवून दिली. ती पाहिली फक्त आतोबांनी. शिट्टी वाजली, पेनल्टी दिली गेली, गोल झाला, घाटकोपर हरलं. अध्यक्षसाहेब खुर्चीवर उभे राहून आमच्या सबंध घराण्याबद्दल बोलले.

सगळे गेल्यावर लाइनमन आतोबांजवळ आले. ते शाळामास्तर होते आणि स्वभावानं गरीब. "बॉल आधीच बाहेर गेला होता हो," ते म्हणाले. "तुमची शिट्टी बरीच नंतर वाजली. मी झेंडा वर धरून उभा होतो, तुम्ही वळूनच बघितलं नाहीत."

"मग ओरडला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या ठामपणे बोट दाखवलंत, मला वाटलं माझंच चुकलं."

आतोबा मैदानाच्या कडेला मातीत बसले. वीस वर्षं अख्ख्या उपनगरांना विचारलेला प्रश्न त्यांनी त्या दिवशी स्वतःला विचारला नव्हता. मला त्यांना हसायचं होतं, पण हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन घाटकोपरला गेले आणि चप्पल काढता काढताच म्हणाले, "माझी चूक झाली. थ्रो-इन द्यायला हवा होता." अध्यक्षसाहेबांचा चेहरा उजळला. चहा आला, चिवडा आला. "एवढंच लिहून द्या," ते म्हणाले, "मॅच परत खेळवावी म्हणून. आणि साखरपुड्याची तारीखही आजच काढू."

"चुकलो हे मी चारचौघांत सांगेन," आतोबा म्हणाले. "पण मॅच परत खेळवा असं लिहिणार नाही. एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय फिरवता येत नाही. शिवाय तुमच्या मुलाला मी बाहेर काढायला हवं होतं, तेही राहिलं."

कोपऱ्यात बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, लाथ मी मारली होती." वडिलांनी त्याला आत जायला सांगितलं आणि तो गेला. आतोबांना दोन दिवसांची मुदत मिळाली.

तिथून आम्ही खारदांड्याला गेलो. तिथं कुणाला काही वाटलं नाही. "आमी जिंकलो ना? मग बसा, च्या घ्या," असं म्हणत कप्तानाच्या आईनं पापलेटांची जोडी पुढं केली. ती आतोबांनी लाच म्हणून परत केली. हे कळल्यावर आत्या त्यांच्याशी जी बोलेनाशी झाली ती पत्रापायी की पापलेटापायी, हे मला सांगता यायचं नाही.

पत्र गेलं नाही. लग्न मोडलं.

पुढं शोभाचं मुलुंडला झालं. नवरा भला माणूस आहे, कुठलाच खेळ बघत नाही. आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागं एकदा तिच्याकडे गेलो असता ती शेंगा सोलत बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "तुला माहीत नाही. घाटकोपरहून आल्यावर बाबांनी मला गच्चीवर बोलावलं होतं. कागद-पेन घेऊनच आले होते. म्हणाले, तू म्हणशील तर लिहून देतो."

आपल्या निर्णयाबद्दल आतोबांनी कुणाला काही विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नका लिहू. तसाही तो मुलगा मला फारसा आवडला नव्हता. किती बरं वाटलं त्यांना! माझ्या डोक्यावर हात ठेवून खाली गेले."

तिनं शेंगांची टरफलं गोळा केली आणि म्हणाली, "आवडला होता रे. खूप आवडला होता."