शिव्या आणि त्रिफळ्याचा काढा

ऐंशीच्या दशकात तारापूरच्या कारखान्यात नोकरी करताना बोईसरला मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिलो, ते आमचे घरमालक वैद्य म्हणजे शिव्या देऊन माणसं बरी करणारा पृथ्वीतलावरचा एकमेव प्राणी. मधुमेह्यांच्या पायांच्या न भरणाऱ्या जखमा ही त्यांची खासियत. ओट्यावर सकाळपासून त्रिफळ्याचा काढा उकळे, अंगणातला कडुनिंब पाल्यापायी बारा महिने बोडका, आणि माझी आंघोळीची बादली जखमा धुवायला परस्पर जप्त होई. तक्रार केली की म्हणत, "तुझ्या आंघोळीने कुणाचा पाय वाचणार आहे?" रोग्याचं स्वागत, "ये गाढवा, आणखी थोडं कुजू द्यायचं होतंस!" अशा सुवचनांनी. त्यांना स्वतःलाही मधुमेह होता, त्यामुळे गोड बोलणंही पथ्यात धरलं असावं. बोट काळं दिसलं, की एक शिवी जास्त घालून रोग्याला पालघरला सर्जनकडे पिटाळत.

एकदा घिवलीहून बोंबील सुकवणारी एक म्हातारी आली. टाचेत माशाचा काटा रुतून टाच चिघळली तरी बाईंना पत्ता नव्हता. पायाला जाणीवच उरली नव्हती. वैद्यांनी हात पुढे करताच ती मागे सरली. "नको वो वैद्यबुवा! तुमी देवमाणूस, माजे पाय धरायचे नाय. पाप लागल."

"कसला देव? भवाने, पाय दे, नाहीतर वाळत घालीन बोंबलासारखी!"

म्हातारी अशी भडकली, की "आग लागो तुज्या तोंडाला!" म्हणत तिने पाय त्यांच्या मांडीवर आदळला. वैद्य शांतपणे जखम धुऊ लागले. एवढ्या शिव्या कशासाठी खर्च होतात, हे मला त्या दिवशी कळलं. टाच भरली. म्हातारी अधूनमधून सुके बोंबील आणू लागली. वैद्य नाक मुरडत ते माझ्याकडे ढकलत.

अशाच एका खेपेला, भर उकाड्यात वैद्यांच्या एकाच पायात मोजा तिला दिसला. तिने माझी बादली ओढली आणि खाली बसली. वैद्यांनी पाय आखडला. "नको माय. तू वयाने मोठी. तुझ्या मांडीवर पाय कसा ठेवू?" इतकं मऊ बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं, आणि मला भीतीच वाटली.

"मुडद्या, वाळत घालीन तुला बोंबलासारखा! दे पाय!"

वैद्यांनी पाय दिला. अंगठा काळा पडला होता. पालघरला अंगठा गेला, पाय राहिला. नंतर जखम धुवायला म्हातारी येत राहिली आणि ओट्यावरून दोघांच्याही शिव्या ऐकू येत.

दोघंही आता नाहीत. साखर मलाही आहे. दवाखान्यातले तरुण डॉक्टर खाली वाकून अदबीने म्हणतात, "काका, पाय बघू का?" मी पाय खुर्चीखाली ओढून घेतो, आणि आधी कुणीतरी एक सणसणीत शिवी घालावी म्हणून वाट पाहत राहतो.