सरकता खण

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुभेदारांच्या घरात बांधून न ठेवलेली वस्तू सापडणे कठीण होते. कपाट भिंतीला पट्टीने जखडलेले, भांड्यांच्या फळीला पुढून तार. त्यांच्या पत्नी अक्का म्हणायच्या, "आता मलाच तेवढं बांधायचं ऱ्हायलंय." सुभेदारांचे लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेले होते. जमीन हलली की फळीवरचे डबे खाली येताना त्यांनी पाहिले होते. पुढे सैन्यात नोकरी झाली, निवृत्त होऊन ते सांगलीत आले, तरी ती धास्ती गेली नाही.

इरा, निनाद, सुट्टीत आमच्याकडे आलात की तुम्ही ज्या माशांच्या टाकीला नाक लावून उभे राहायचात, ती त्यांचीच. तिच्या लोखंडी स्टँडला त्यांनी भूकंपाच्या भीतीने चारही बाजूंनी फुलीसारख्या पट्ट्या मारून घेतल्या होत्या. टाकी हलत नसे हे खरे, पण फिल्टर खाली स्टँडच्या आत, आणि हात घालायला जागा नाही. दर रविवारी सुभेदार फरशीवर पालथे पडून पट्ट्यांमधून हात घालायचे. "हा आमचा मोर्चा," म्हणायचे.

मग डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचे सांगितले. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले. औषधांबद्दल काही बोलले नाहीत.

"बाई, माझं काय व्हायचं ते हुईल. पण फिल्टर हिच्या हाताला आला पायजे. मासं गेली तर ही दिवसभर रागावणार कुणावर?"

त्यांना मूलबाळ नव्हते, आणि अक्का खरोखरच दिवसभर माशांना रागावत असत.

मासे बादल्यांत गेले, टाकी रिकामी झाली. वेल्डर समोरची फुली कापत होता तेव्हा सुभेदार तोंड फिरवून उभे होते. मागच्या आणि बाजूच्या पट्ट्या त्यांनी आणखी जाड करून घेतल्या, स्टँड भिंतीला जखडला, आणि मोकळ्या झालेल्या पुढच्या बाजूला रुळांवर सरकणारा खण बसवला. फिल्टर त्या खणात. नळ्या मुद्दाम लांब ठेवल्या, खण ओढला तरी ताणू नयेत म्हणून. उंची ठरवायला अक्कांना स्टुलावर बसवले.

"हात सैल सोड."

"आवं, झंपराचं माप घेताय व्हय?"

माप दिले, पण शिकायला मात्र अक्का तयार होईनात. "मला शिकवू नका. तुमी हाय तवर तुमीच करायचं," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. सुभेदारांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावून समोर बसवले आणि कवायतीच्या आवाजात सुरुवात केली.

"बाई, आधी बटण बंद. मग नळ्यांवरचे दोन्ही कॉक फिरवून पाणी बंद करायचं. स्पंज नळाच्या पाण्यानं धुवायचा न्हाई, टाकीतल्याच पाण्यानं धुवायचा."

"अहो, मला चांगलं ऐकू येतं."

"येत असंल," ते म्हणाले, आणि तेच पुन्हा तितक्याच मोठ्याने सांगितले. मग प्रत्येक रविवारी तेच. मधूनच आतला भाकरी थापायचा आवाज थांबायचा.

उन्हाळा संपता संपता सुभेदार गेले. दिवस कुंडलला, त्यांच्या गावी झाले. तोवर माशांना खाणे मी घालत होते. अक्का परतल्या त्या रविवारी मी फिल्टर साफ करायला खाली गेले, तर त्या आधीच स्टूल घेऊन टाकीसमोर बसल्या होत्या.

"बसा बाई. तुमाला लय वेळा सांगून झालंय. आता मी करते."

त्यांनी बटण बंद केले, कॉक फिरवले, खण ओढला. टाकीतले पाणी तांब्याने घमेल्यात काढून त्यात स्पंज धुतला. घाई नाही, चूक नाही. स्पंज बसवून कॉक उघडले, खण आत सरकवून बटण दाबले, तेव्हा पाणी पुन्हा फिरू लागले.

"झालं," अक्का म्हणाल्या. मी शेजारीच बसले होते, पण त्या म्हणाल्या आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.