सात औटं साडेचोवीस

फजिती कुणाची होत नाही हो? पण फजितीबद्दल बक्षीस मिळालेला माणूस अख्ख्या खानदेशात मी एकटाच असेन. हसू नका. चहा घ्या आधी, निवतोय तो. सांगतो सगळं, पण आमची ही आत स्वयंपाकघरात आहे. मोठ्यानं हसलात तर बाहेर येईल आणि शेवट स्वतःच सांगून टाकेल.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. पंधरा वर्षं बदल्या झेलल्या आणि नशीब असं की प्रत्येक नवं गाव आधीच्या गावापेक्षा नदीपासून लांब! पाणी भरायचं कुणी? हिनं. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत झिरा खणायचा, वाटीवाटीनं पाणी उपसून घागर भरायची आणि डोक्यावर घेऊन अर्धा कोस चालत यायचं. मी मात्र अंघोळीला दोन तांबे जास्तच घ्यायचो. खोटं कशाला बोलू?

अशात बातमी आली की जळगावात नव्या पद्धतीची एक शाळा निघतेय. छडी नाही, घोकंपट्टी नाही. पोरांनी चिंचोके मांडून गणित शिकायचं आणि चिखल कालवून भूगोल! मी ऐकलं आणि म्हटलं, चला, आता पोरं डोंगर करतील आणि पर्जन्यमान म्हणून त्यावर पाणी ओततील. पण त्या शाळेला हेडमास्तर हवा होता. आणि हेडमास्तरला आवारातच घर होतं, आणि घराच्या मोरीत नळ होता.

"मोरीत?" हिनं तीनदा विचारलं. "म्हणजे आपल्या मोरीत? फिरवला की पाणी?"

"फिरवला की पाणी."

"मग बसलात काय असे? अर्ज करा की!"

केला. असा अर्ज केला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. 'छडी म्हणजे गुरूच्या अज्ञानाची काठी होय', असं लिहिलं. 'पाढे घोकवणे म्हणजे बालबुद्धीचा कोंडमारा', असंही ठोकून दिलं. मनापासून? छे हो! माझ्या वर्गात निरगुडीच्या तीन छड्या होत्या, एक वापरायची आणि दोन वाळायला ठेवलेल्या. पण नळ डोळ्यांपुढं असला की माणूस काय वाटेल ते लिहितो.

उत्तर आलं. दिपोटीसाहेब, म्हणजे आमच्या शाळा तपासणारे अधिकारी, धुळ्याच्या प्रदर्शनात येणार होते. दुपारी चार वाजता नवशिक्षणाच्या तंबूत भेटा, असं कळवलं होतं. मी पोस्टमास्तरांचा नवा कोट मागून आणला, काळी टोपी झटकली, आणि हिला घेऊन चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला पोचलो.

पांझरेच्या काठी ते प्रदर्शन. आणि त्यात मुख्य आकर्षण काय? तर 'जुने खानदेशी खेडे'! मातीची घरं बांधलेली, खरी माणसं आणून ठेवलेली, आणि ती दिवसभर जुन्या काळासारखी राहून दाखवणार. आता मला सांगा, जन्मभर खेड्यात कुजलेल्या माणसानं खेडं बघायला धुळ्याला जायचं? आणि आत शिरायला वर तिकीट काढायचं?

दारात एक व्यवस्थापक उभा होता. नुकताच बी.ए. झालेला, तेल लावून भांग पाडलेला. त्यानं माझ्या हातात कार्यक्रमाचा कागद दिला. वर लिहिलेलं, 'ऋतुमानानुसार ग्रामजीवन'. खाली बघतो तर सकाळी आठ ते दहा पेरणी, दहा ते बारा पोळा, बारा ते दोन खळं, आणि दोननंतर आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येऊन झोके घेतात तो सण. महिना कोणता? माघ! एका दिवसात अख्खं वर्ष उरकायचं. ब्रह्मदेवालासुद्धा एवढी घाई जमली नसती.

"आणि पेरणीला पाऊस?" मी विचारलं.

"झारीनं पाडतो," तो अभिमानानं म्हणाला. "बैल मात्र बुजतात हो."

"बैलांना अक्कल आहे म्हणायची," मी म्हणालो. त्याला ते कळलं नाही. बी.ए. होता ना.

पुढं ते बैल दिसले. माघाच्या महिन्यात शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, आणि रोज दहा वाजता पुरणपोळी. खाऊन खाऊन कंटाळले होते बिचारे. एकानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, या प्रदर्शनाबद्दल आम्हां दोघांचं मत एकच आहे.

मग आली आखाजी. बाभळीला झोका बांधलेला आणि त्यावर एक अक्का मजेत बसलेल्या. खऱ्या शेतकरीण, तापीकाठच्या. वैशाखातला सण, पण गारव्यामुळं बाईंनी अंगावर घोंगडी ओढली होती!

"अक्का, घोंगडी पांघरून आखाजी करतात का?" मी फटकारलं. "निदान घाम तरी पुसल्यासारखं करा!"

अक्का हसल्या. "मास्तर, तुम्ही कसाले तापी राहिनात? झोका तो झोका शे! घरी कामच काम, आठे बठ्ठा आराम शे. मी रोज माहेर येई राहिनू!"

घरी नुसतं काम, इथं सगळा आराम, रोजच माहेर, हे ऐकून आमची ही विरघळली. अक्कांनी जागा करून दिली, ही शेजारी बसली, आणि दोघींनी गाणं काढलं. पंधरा वर्षांत हिला दुपारची अशी बसलेली मी पाहिली नव्हती. मी म्हटलं, बस बाई, आज तुझा दिवस आहे, चारला नळ घेऊन येतो. आणि एकटाच पुढं निघालो. तिथं माझी साडेसाती सुरू झाली.

पुढच्या ओसरीवर पाटी होती, 'गावठी शाळा'. सारवलेली जमीन, मांडीवर धूळपाट्या घेतलेली वीस-पंचवीस पोरं, आणि घोंगडीवर एक पंतोजी. पंतोजी कसला? कुठल्याशा कचेरीतला कारकून धरून आणलेला! गोंदानं मिशा चिकटवलेल्या, त्यातली डावी सुटून ओठावर लोंबत होती. तो औटकी म्हणवून घेत होता. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा हो, हल्लीच्या पोरांना कुठला माहीत असायला?

"म्हणा, सात औटं साडेतेवीस!"

"सात औटं साडेतेवीस!" पोरं ओरडली.

माझ्या कानात कुणी तापलेलं तेल ओतलं असतं तरी चाललं असतं.

"अहो, साडेचोवीस!" मी ओरडलो.

"असेल," पंतोजी म्हणाला. "काय फरक पडतो? प्रदर्शन आहे, मोजतंय कोण?"

"फरक पडतो? पोरं खरी आहेत ना? जन्मभर साडेतेवीस म्हणतील ती!"

"एवढं आहे तर तुम्हीच शिकवा! सकाळपासून ही मिशी चावतेय मला. पाच मिनिटांत चहा पिऊन आलो." आणि तो उठून गेलासुद्धा.

सव्वातीनच वाजले होते. म्हटलं, एक औटकी सुधारून द्यावी आणि निघावं. कोट चुरगळायला नको म्हणून खुंटीला टांगला, टोपी त्यावर ठेवली. ऊन तोंडावर येत होतं, म्हणून उपरणं डोक्याला गुंडाळलं. मांडी घातली. आणि घोंगडीवर हात टेकला तर हाताखाली काय? छडी! तीही निरगुडीची. देवानं ठेवलेली म्हणा ना.

मग काय विचारता! "म्हणा, सात औटं साडेचोवीस! आठ औटं अठ्ठावीस! नऊ औटं साडेएकतीस!" पोरांना छडी मारली नाही हं मी. जमिनीवर आपटली. फार तर एखाददुसऱ्या मांडीला निसटती लागली असेल. पोरं रंगात आली, मी त्यांच्याहून रंगात आलो. औटकी झाली, दिडकी झाली, पावकी-निमकी धरली. माझ्या पाठीमागं गर्दी जमत होती, कुणी 'वाहवा' म्हणत होतं. खोटं कशाला बोलू, मला चढली. मनात म्हटलं, त्या चिखल कालवणाऱ्यांनी येऊन बघावं एकदा!

तेवढ्यात पाठीमागून एक सौम्य आवाज आला. "का हो पंतोजी, छडीवाचून पाढे येत नाहीत का?"

मी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. "छडीवाचून? छडीवाचून चिंचोके मोजता येतात! आणि त्याला मास्तर कशाला हवा? माकडही पुरे!"

गर्दी खो-खो हसली. मी आणखी फुगलो.

"पण जळगावात तशी शाळा निघतेय म्हणतात," तो आवाज म्हणाला.

"निघू द्या! तिथं मास्तरला मोरीत नळ मिळतो. पोरांना काय मिळणार ते देव जाणे!"

टाळ्या पडल्या. मान तुकवावी म्हणून मी वळलो. समोर सोनेरी काड्यांचा चष्मा, जरीचा फेटा आणि हातात चांदीच्या मुठीची काठी. शेजारी तो तेलकट व्यवस्थापक अदबीनं वाकून सांगत होता, "दिपोटीसाहेब, आमचे पंतोजी सोंग अगदी अस्सल वठवतात, नाही?"

माझ्या हातातली छडी गळून पडली. चारला पाच मिनिटं कमी होती.

पण मी मास्तर आहे, हार मानीन का? दिपोटी नवेच बदलून आलेले, त्यांनी मला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मी म्हणजे सोंग असाच त्यांचा समज होता. ते पुढं सरकले, तसा मी खुंटीवरचा कोट ओढला, टोपी घातली, उपरणं पिशवीत कोंबलं, रांजणातलं पाणी तोंडावर मारलं आणि चारच्या ठोक्याला नवशिक्षणाच्या तंबूत नव्या कोटात उभा राहिलो.

दिपोटी आले, बसले आणि माझ्याकडं बघतच राहिले. "आपल्याला कुठं पाहिलंय का मी?"

"नसेल साहेब. माझा चेहराच चारचौघांसारखा आहे."

त्यांनी अर्ज उघडला. "'छडी म्हणजे गुरूच्या अज्ञानाची काठी.' वा! म्हणजे आपण छडी वापरत नाही?"

"शिव शिव! नुसतं नाव काढलं तरी घाम फुटतो, साहेब." हे मात्र त्या घटकेला अक्षरशः खरं होतं.

"आणि पाढे?"

"चिंचोक्यांनी," मी म्हणालो. आवाज जरा बारीकच निघाला.

दिपोटी खूश झाले हो! नेमणुकीचा कागद त्यांनी पुढं ओढला. टाक दौतीत बुडवला. मला त्या मोरीतल्या नळाचं पाणी पडताना ऐकू येऊ लागलं.

आणि तंबूबाहेर एकच गलका झाला. पडदा सारून आधी तो व्यवस्थापक आला, त्याच्यामागं ती वीस-पंचवीस पोरं, मागं अक्का, आणि सगळ्यांना बाजूला सारत आमची ही. कमरेवर पितळेची लखलखीत घागर, आणि तोंडावर असं हसू की लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"अहो, तुम्हाला पहिलं बक्षीस, ही घागर! पंतोजीच्या सोंगाचं!"

"बरं झालं, बाईंनी नाव-गाव सांगितलं," व्यवस्थापक म्हणाला. "नाहीतर पंतोजी सापडलेच नसते, साहेब!"

"मी लांबूनच ओळखलं ना आवाजावरून," ही म्हणाली. "घरी तोच ओरडा रोज ऐकते!"

"मास्तर, तुमना नंबर पहिला उना!" अक्कांनी भर घातली.

मी बोट ओठावर ठेवलं, डोळे वटारले, पण पोरांना वाटलं पंतोजी पाढा विचारताहेत. सगळी एका सुरात ओरडली, "सात औटं साडेचोवीस!"

दिपोटींनी टाक पुसून ठेवला. चष्मा पुसला, माझ्याकडं बघितलं, अर्जाकडं बघितलं, परत माझ्याकडं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "पोरांना पाढा मात्र पक्का आलाय. माकडाकडून एवढं झालं नसतं." आणि अर्ज त्यांनी माझ्या हातात परत दिला.

हिला कळायला एक घटका लागली. कळलं तेव्हा कमरेवरच्या घागरीची चकाकी तशीच राहिली आणि तोंडावरचं हसू गेलं. त्याची अजूनही लाज वाटते मला, खरं सांगतो. धुळ्याहून चाळीसगावपर्यंत घागर मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत बसली. चाळीसगावला उतरताना एकच वाक्य बोलली.

"मी नळ मागितला होता."

जळगावची जागा कुणा चिंचोकेवाल्याला मिळाली. मी निवृत्त होईपर्यंत त्याच खेड्यात पाढे म्हणवून घेत राहिलो, आणि ही त्याच घागरीनं त्याच झिऱ्यावरून पाणी आणत राहिली. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत आहे ना? आमच्या घागरीच्या गळ्यावरही कोरलेलं आहे, 'उत्तम जुना देखावा, पहिला क्रमांक'. चिंचेनं घासघासून ती अक्षरं हिनं अशी चमकावून ठेवलीत की आंधळ्यालाही वाचता यावीत.

नदीवर बायका विचारायच्या, "मास्तरीणबाई, ही घागर कुठली हो?"

ही शांतपणे घागर डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, "धुळ्याच्या प्रदर्शनातून दोन वस्तू घरी आणल्या होत्या, बाई. त्यातली घागर अजून उपयोगी पडते."