रिकाम्या जाळीचा सिनेमा

स्वस्तातले भुताचे सिनेमे मी मेंढरांमागं बसून पाहिले. चांद्याच्या शिवारात, विकल्या गेलेल्या पण अजून बांधकाम सुरू न झालेल्या प्लॉटांवर आमचा कळप चरायचा आणि मी बाभळीखाली मोबाईल गुडघ्याला टेकवून बसायचे, भर दुपारी. भरपूर खर्च केलेले भयपट मला अजिबात आवडत नाहीत. त्यांतलं भूत पार्लरमधून आल्यासारखं दिसतं. मला आवडतो तो एकाच खोलीतला, एकाच जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याचा सिनेमा. पलंग, दार, पंखा. पाच मिनिटं काही म्हणजे काही होत नाही. मग दार बोटभर सरकतं.

राखणीला बसलेलं माणूस दिवसभर दुसरं काय करतं? समोर तेच गवत, मेंढरांच्या त्याच पाठी. आणि नजर शोधत असते, मघापेक्षा वेगळं काय झालं.

आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या खांद्यावरून डोकावून हसायचे. "ह्यात भूत कुटं हाय? दार तर वाऱ्यानंबी हलतंय."

"दिसत न्हाई म्हणून तर भ्या वाटतंय."

"मला न्हाई वाटत," म्हणत ते काठी टेकत पुढं जायचे.

असं तीनचारदा झाल्यावर मी हट्टाला पेटले. असा एक सिनेमा आपण स्वतः करायचा आणि आबांना घाबरवायचंच.

पहिला प्रयत्न पार फसला. भूत म्हणून मीच आबांचं घोंगडं डोक्यावरून ओढलं आणि मेंढरं कोंडायच्या जाळीमागून हळूहळू निघाले. मेंढरांनी बिचकून पळावं अशी माझी योजना. पण घोंगड्याचा वास त्यांच्या ओळखीचा. सगळा कळप बें बें करत माझ्याच अंगावर आला. आबांनी तो व्हिडिओ येईल त्या पाहुण्याला दाखवला. मी चिडले, पण शहाणी झाले. भूत दाखवायचंच नाही.

यंदा आबांनी मेंढरं विकायची ठरवली. प्लॉटांना एकामागून एक पत्र्याची कुंपणं पडत होती, चारायला जागा उरली नव्हती आणि त्यांचे गुडघेही बोलायला लागले होते. मी भांडले, दोन दिवस जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. मेंढरं न्यायला टेंपो यायच्या आदल्या संध्याकाळी कळप घरी परतताना मी नुसता आवाज मोबाईलमध्ये घेऊन ठेवला.

टेंपो गेल्यावर आबांनी हात झटकले आणि चहा मागितला. तोंडावर काही नाही. मला त्यांचा राग आला, भयंकर राग आला. आता तर त्यांना घाबरवल्याशिवाय मी सोडणार नव्हते.

रिकामी जाळी तशीच उभी होती. तिच्यासमोर दगडावर मोबाईल ठेवला आणि सात मिनिटं हलवला नाही. खुंट्या, तुडवलेली माती, लेंड्या, मागं लांबच्या उंच इमारतींत लागत जाणारे दिवे. चौथ्या मिनिटाला दुरून एक घंटा ऐकू येते आणि जवळ येत राहते. दिसत कुणीच नाही. एवढाच माझा सिनेमा. त्या संध्याकाळचा आवाज जुळवायला मला चार दिवस लागले, पण हवा तसा जुळला.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला ओट्यावर बसलेल्या आबांच्या हातात मोबाईल दिला. ते हसायच्या तयारीनंच बसले होते.

"ह्यात तर कायच न्हाई," ते म्हणाले.

"बघा की थोडं."

घंटा वाजली. आबांची मान वर झाली. "बांडीची हाय," ते पुटपुटले. बांडी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी ठिपक्यांची मेंढी. घंटा जवळ येऊ लागली, तसा त्यांनी मोबाईल ओट्यावर ठेवला, उठले, अंगणापलीकडं गेले, जाळीचं तोंड सोडलं आणि वाट देऊन बाजूला उभे राहिले. रोज राहायचे तसे.

ओट्यावरच्या मोबाईलमध्ये घंटा थांबली. त्यांचा हात अजून जाळीवर होता. इतके भुताचे सिनेमे पाहिले, पण एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मला रडू आलं. मी त्यांच्याजवळ गेले.

"आबा, लावू का जाळी?"

त्यांनी वाटेवरची नजर काढली नाही. "ऱ्हाऊ दे उघडी."