सिलिंडर उन्हात ठेवा

विमलताई रागावल्या की आवाज चढवत नसत, खाली आणत. आणि तो खालचा आवाज ऐकून भलेभले सरळ होत. राळेगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनचे सिलिंडर त्यांच्या ताब्यात असत. तरुणपणी यवतमाळला बी.एस्सी.चं एकच वर्ष झालं, तेवढ्यात वडील गेले आणि त्या नोकरीला लागल्या. पण जे शिकल्या ते विसरल्या मात्र नाहीत.

कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलेली ती वर्षं. वॉर्डात विष पोटात गेलेली माणसं यायची आणि त्यांचा श्वास सिलिंडरवर टिकायचा. अशा जागी ऑक्सिजन चोरणारा माणूसच नव्हे! डिसेंबरातल्या एका सकाळी नवे डॉक्टर इंद्रजित यांनी नेमका हाच ठपका विमलताईंवर ठेवला. काल आलेल्या नऊ भरल्या सिलिंडरांचा दाब रजिस्टरात एकशे पंचेचाळीस बार होता. सकाळी सहाला डॉक्टरांनी काटा पाहिला, तर नऊही ठिकाणी एकशे तीस.

व्हरांड्यात उभं राहून ते ओरडले, "सरळसरळ चोरी आहे ही! समोरच वेल्डिंगचं दुकान आहे, गॅस कुठं जातो ते कळतं मला. दुपारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर निलंबनाचं पत्र पाठवतो."

अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि पदरात काय, तर चोर! विमलताई तडक सिलिंडरांकडे गेल्या. काटा पाहायला त्यांनी एक सिलिंडर धरला, तर थंडगार लोखंड हाताला झोंबलं. काल हाच उतरवताना चटका बसला होता. ट्रकवाला रूपसिंग दर खेपेला कळंबला थांबायचा. चिंतामणीचं दर्शन, मग जेवण, मग डुलकी. तोवर ट्रक उन्हात तापायचा. आणि विमलताई तापलेल्या सिलिंडरचाच काटा लिहून ठेवायच्या! चोर सापडला होता, आणि त्याला कोणी बेड्या घालू शकत नव्हतं.

"साहेब, यातला एक उनात ठेवा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तोटीवर तुमच्या सहीची पट्टी लावा. बंद सिलिंडरात गॅस तेवढाच राह्यते. तापला की जोर धरते, थंडावला की जोर कमी होते."

डॉक्टरांनी पट्टी लावली, सिलिंडर अंगणात आणला. लशींच्या फ्रीजमधला थर्मामीटर विमलताईंनी सिलिंडरच्या काळ्या अंगाला चिकटवला. दहा अंश. मग हिशेब करून खडूनं दारावर लिहिलं: बेचाळीस अंशाला, एकशे पंचेचाळीसच्या आसपास.

कारकून नानाजींनी तिथंच गणित मांडलं. "दहाचे बेचाळीस, म्हंजे चौपट! पाचशेच्या वर जाते! पळा बाप्पा, फुटते आता!" आणि ते फाटकापर्यंत पळाले. त्यांच्या मागं पेशंटांचे दोन नातेवाईकही.

"नानाजी, गॅसचं शून्य लय खाली असते, आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवा!" विमलताई म्हणाल्या. "दोनशे त्र्याऐंशीचे तीनशे पंधरा होतेत. अकरा टक्के वाढन, चौपट नाही!" नानाजी परतले, पण खांबाआडच उभे राहिले.

दोन वाजता पारा बेचाळीसवर टेकला. डॉक्टरांनी स्वतः पट्टी फाडली, मीटर लावला, तोटी उघडली. काटा सरसर चढला आणि एकशे चव्वेचाळीसवर थांबला.

डॉक्टरांनी दारावरचा खडू वाचला, चिठ्ठीच्या कागदावर गणित करून पाहिलं. शेवटी हळूच म्हणाले, "विमलताई, मी चुकलो."

"मोठ्यानं बोला, साहेब. चोर म्हनलं तं अख्ख्या वॉर्डानं आयकलं होतं."

 डॉक्टर मनाचे खोटे नव्हते. व्हरांड्यात आले आणि सकाळच्याच आवाजात ओरडले, "सिलिंडर भरलेलेच होते! विमलताईंनी काही चोरलं नाही! चूक माझी!"

आतून, नाकाला नळी लावलेल्या एका म्हातारीचा बारीक पण ठणठणीत आवाज आला, "आयकू आलं, साहेब!"