फीलर बसला तो टॉप

शनिवार, सकाळचे साडेआठ. एस्टिमेटचा आकडा सोळा हजार चारशे रुपये. हजर तिघं: मी, गाडीचा मालक संदीप आणि त्याचा मेहुणा निखिल. ठिकाण, हडपसरमधलं माझं गॅरेज.

एस्टिमेट माझं नव्हतं. दुसऱ्या एका वर्कशॉपचं होतं, आणि ते वर्कशॉप निखिलने सुचवलेलं होतं. त्यांचं म्हणणं, हेड खोलायचं, कॅम आणि दोन्ही रॉकर बदलायचे, आठ दिवस लागतील. पार्ट मागवायचे असतील तर एक वाजेपर्यंत फोनवर होकार द्यायचा.

संदीप एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतो. सकाळी सहाला पहिलं घर. पैसे नमुन्यामागे.

"सोमवारी गाडी नसली तर माझा रूट दुसऱ्याला देतील, काका. एकदा दिलेला रूट परत मिळत नाही," तो म्हणाला.

मी गाडी चालू करून ऐकली. दीडशे सीसीच्या बाईकचं साधं इंजिन. हेडमधून टकटक येत होती, शिलाई मशीन चालल्यासारखी.

"हा आवाज कधीपासून?"

"त्याच वर्कशॉपात सर्व्हिसिंग झालं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पिकअपही गेला. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, आवाज आधीपासूनच असणार, तुम्हाला आत्ता ऐकू आला."

मी गाडी बंद केली आणि म्हटलं, "साडेअकराला बघू."

"आत्ता काय अडचण आहे?" निखिलने विचारलं. तो हिंजवडीला कंपनीत आहे. सुट्टीचा दिवस मोडून आला होता.

"इंजिन गरम आहे. टॅपेटचं माप गार इंजिनवर घेतात."

"म्हणजे आम्ही तीन तास काय करायचं?"

"समोर चहा मिळतो. बरा असतो."

तेवढ्या वेळात टॅपेट म्हणजे काय ते सांगतो. इंजिनच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल-हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. कॅम फिरला की रॉकर नावाचा दांडा झडप दाबून उघडतो. झडप बंद असताना रॉकर आणि झडपेच्या टोकामध्ये बारीक फट ठेवावी लागते, कारण धातू तापला की वाढतो. फट नसेल तर झडप पूर्ण मिटत नाही. फट जास्त झाली तर टकटक, आणि झडप कमी उघडते. फट मोजायची ती फीलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांनी. या गाडीला आतल्या झडपेला आठ लागतात आणि बाहेरच्या झडपेला बारा. आठ म्हणजे मिलिमीटरचे आठ शतांश. आम्ही नुसतं आठ म्हणतो.

वर्कशॉपचं जॉब कार्ड संदीपने आणलं होतं. सर्व्हिसिंगच्या दिवशी आठ आणि बारा. तक्रारीनंतर पुन्हा तपासलं तेव्हाही आठ आणि बारा. फट बरोबर, तरी आवाज, म्हणून त्यांनी कॅम झिजला असं ठरवलं. कागदावर त्यात काही चूक नव्हती. मलाही तीन तासांत सापडली नाही.

साडेअकराला हेडवर तळवा ठेवून पाहिला. गार. प्लग काढला, टॅपेटची दोन्ही कव्हरं काढली, डाव्या बाजूच्या मॅग्नेटच्या कव्हराची दोन झाकणं उघडली. एका झाकणातून सॉकेट पाना घालून इंजिन हाताने फिरवता येतं. दुसऱ्यातून आतल्या चाकावरची T ही खूण दिसते. ती खाचेसमोर आली की पिस्टन अगदी वर असतो. त्याला टॉप डेड सेंटर म्हणतात, आमच्या तोंडी टॉप.

डाव्या हाताचा अंगठा प्लगच्या भोकावर दाबला आणि उजव्या हाताने सॉकेट सावकाश फिरवला. T आला. मी थांबलो. आठची पट्टी घातली. बरोबर गेली, किंचित अडत, जशी जायला हवी तशी. दुसऱ्या झडपेला बाराची. तीही तशीच. मी वहीत लिहिलं: आठ, बारा.

"झालं," निखिल म्हणाला. "कार्डावर आहे तेच आलं. दाजी, मी फोन लावू का त्यांना? एक वाजेल उगाच."

संदीप माझ्या वहीकडे बघत होता.

"अजून एक माप राहिलंय," मी म्हटलं.

"कुठलं? T तर जुळलाय. मी व्हिडिओत पाहिलंय, T जुळला की टॉप."

"T दोनदा जुळतो. व्हिडिओ किती मिनिटांचा होता?"

"चार."

"मग एकदाच जुळला असेल."

कामाच्या एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा पेट्रोल-हवा दाबायला. तेव्हा दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि अंगठ्याला खालून हवेचा जोर लागतो. दुसऱ्यांदा धूर ढकलायला. तेव्हा बाहेरची झडप मिटत आलेली असते आणि आतली उघडू लागलेली, म्हणजे दोन्ही थोड्या थोड्या उघड्या. T मात्र दोन्ही वेळा तसाच दिसतो. फट मोजायची ती पहिल्या टॉपवर, झडपा मिटलेल्या असताना.

आत्ता T आला तेव्हा माझ्या अंगठ्याला काहीच लागलं नव्हतं. म्हणजे हा धुराचा टॉप. इथे रॉकर झडप दाबून बसलेला हवा, फट शून्य हवी. आणि इथेच आठ आणि बारा बरोब्बर येत होते.

मी सॉकेट पुन्हा फिरवला. अर्ध्याच्या पुढे अंगठा उचलला जाऊ लागला. फुस्स करून हवा सुटली. T आला. रॉकर बोटाने हलवला तर खडखडला.

"निखिल, इकडे या. हलवून बघा."

त्याने हलवला. "हा तर सैल आहे."

आठची पट्टी आत पडल्यासारखी गेली. वीसची गेली, चाळीसची गेली. शेवटी दोन पट्ट्या एकत्र करून माप घेतलं: आतली पंचावन्न, बाहेरची साठ. दोन्ही आकडे मी मोठ्याने वाचले. कबूल करतो, गरजेपेक्षा थोडे मोठ्याने.

लॉकनट सैल करून आठ आणि बारा लावले. नट आवळताना फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजली. मग इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून, अंगठ्याला हवा लागलेल्याच टॉपवर आणून तिसऱ्यांदा. आठ, बारा. सगळं बंद करून संदीपला म्हटलं, "मारा स्टार्टर."

इंजिन चालू झालं. टकटक नव्हती. संदीपने कान टाकीजवळ नेला, पुन्हा नेला, मग न विचारताच गाडीतळ चौकापर्यंत चक्कर मारून आला.

"काका, पूर्वीसारखी उचलते आहे," तो म्हणाला. हेल्मेट काढायचं त्याच्या लक्षातच नव्हतं.

एकला दहा कमी असताना निखिलने वर्कशॉपला फोन लावला, स्पीकरवर. ज्याने माप घेतलं तोच मेकॅनिक फोनवर आला. नकार ऐकून तो चिडला नाही.

मी विचारलं, "तक्रारीनंतर तपासलंत, तेव्हा टॉप कसा ओळखलात?"

"एका T ला गॅप लई दिसला. म्हटलं, हा टॉप चुकीचा हाय. अजून एक फेरा मारला, तिथं फीलर बरोब्बर बसला. मग तोच टॉप की."

म्हणजे खरा टॉप त्याच्या हातात आला होता आणि त्याने तो सोडून दिला. सर्व्हिसिंगला धुराच्या टॉपवर फट लावली आणि नंतर त्याच आकड्यावरून टॉप शोधला. कार्डावरचा आकडा खोटा नव्हता. घेतला होता चुकीच्या जागी.

"प्लग काढून भोकावर अंगठा धरत जा," मी म्हटलं. "हवा लागली तरच टॉप."

त्याने विचारलं, "एवढंच का?"

"एवढंच."

तेव्हापासून माझ्या जॉब कार्डावर टॅपेटच्या मापाशेजारी एक जादा रकाना आहे: अंगठ्याला हवा, हो की नाही. माप कितीही बरोबर आलं तरी तो रकाना रिकामा असेल तर मी गाडी सोडत नाही.

मजुरी अडीचशे, कव्हरच्या दोन रबरी ओ-रिंगा सत्तर. एकूण तीनशे वीस रुपये, मला मिळाले. संदीपने पाकीट काढलं होतं, पण पैसे निखिलने दिले. चहाचे वेगळे तीस, तेही त्यानेच, समोरच्या टपरीवाल्याला.