न जुळलेली पत्रिका

खरं प्रेम एका पिढीत संपत नाही, असं त्या कोरियन मालिकेचं म्हणणं होतं. आमच्या घरात तोवर एका पिढीकडून दुसरीकडं फक्त गुडघेदुखी आली होती.

मालिकेतली मुलगी नेमकी आईच्या जुन्या प्रियकराच्या मुलाच्या प्रेमात पडते. मी ती हिंदीतून आईला मुद्दाम दाखवत होते, कारण एमआयडीसीत माझ्याच कंपनीतल्या एका मुलाविषयी तिला सांगायचं होतं. आई मेथी निवडत बघायची. "रडत्यात काय सारखं? घरी जाऊन विचारायचं की," एवढंच तिचं मत.

सहाव्या भागात मी धीर करून मुलाचं गाव सांगितलं, नरसिंहपूर. मग आडनाव. रिमोट आपल्याला कळत नाही असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्या आईनं स्वतः मालिका थांबवली.

"त्याचा बाप मला बघायला आला हुता."

मी सरसावून बसले. "मग?"

"मग काय? दोन तास मामाशी ट्रॅक्टरचंच बोलत बसला. माझ्याकडं एकदा बघितलं, ते पाणी मागायला. मी न्हाय म्हणलं. तवा माझ्या आबांनी निरोप धाडला, पत्रिका जुळत न्हाय."

आमच्याकडं नकार असाच कळवतात. आता तो माणूस त्याचा राग माझ्यावर काढणार, अशी तिला धास्ती बसली आणि तिच्यामुळं मला.

रविवारी ती मंडळी आली. माझ्या वडिलांना सगळं ठाऊक होतं. ते कमालीचे खुशीत होते. मुलाच्या वडिलांनी पोहे संपवले आणि आईकडं निरखून पाहिलं.

"तुमी माळेगावच्या न्हवं? आपली पत्रिका जुळली न्हवती."

"व्हय," आई कशीबशी म्हणाली.

"आमीच निरोप धाडला हुता. तुमी लई गप बसला हुता. वाटलं, पोरगी घुमी हाय."

आईची धास्ती जागेवर संपली. "तुमी? निरोप आमी धाडला!"

"न्हाय हो, आमी!"

"आमचा माणूस सकाळीच निघाला हुता!"

"आमचा आदल्या सांजंला!"

चहा गार झाला. मंडळी कशासाठी जमली होती, हे आम्हा दोघांखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं. शेवटी मुलाच्या वडिलांनी हसत हात जोडले. "बरं विहीणबाई, तुमीच धाडला. घुमी म्हणलो ती माझी चूक."

विहीणबाई म्हटल्यावर लग्न ठरलंच. रीत म्हणून वडिलांनी मुलाची पत्रिका मागितली. तेव्हा कळलं, त्यांच्या घरात आजवर कुणाचीच पत्रिका काढलेली नाही.

आईचीही नव्हती.